मीम नुसतं टाइमपास आहे असं मला वाटत नाही

निशाचर:
आग लागलेल्या खोलीत कपाशेजारी बसून 'धिस इज फाइन' म्हणणारा कुत्रा सगळ्यांनी पाहिलाय, के. सी. ग्रीनच्या २०१३ च्या कॉमिकमधला. मागच्या वर्षी माझी नोकरी डळमळीत होती, घरी बोलायची सोय नव्हती, तेव्हा ग्रुपवर फक्त ते चित्र टाकलं आणि रात्री एका मित्राचा फोन आला, काय झालंय रे. सरळ 'मी खचलोय' असं मला टाइप करताच आलं नसतं. बघणाऱ्याला आधी हसू येतं आणि मग लक्षात येतं की अरे, हे तर माझंपण आहे.

सायली_क:
नाही पटलं. फोन केला कारण तो मित्र आहे, बाकीच्यांनी हसरा इमोजी टाकून पुढे स्क्रोलच केलं ना? आणि २००३ ची गोष्ट विसरू नका, कॅनडातल्या एका शाळकरी मुलाने काठी फिरवताना स्वतःचं शूटिंग केलं होतं, वर्गातल्या मुलांनी ते न विचारता नेटवर टाकलं, जग हसलं आणि त्याला शाळा सोडावी लागली. तो कोणाशी जोडला गेला सांगा.

पानगळ:
सायली, उलटपण होतं गं. मूठ आवळलेल्या त्या बाळाचा फोटो २००७ चा, त्याच्या वडिलांना किडनी हवी होती तेव्हा २०१५ मध्ये लोकांनी ऑनलाइन पैसे दिले, ओळख काय तर तेवढं मीम.

सायली_क:
तिथे घरच्यांनी स्वतः मदत मागितली होती, फरक आहे. बर्जर आणि मिल्कमन या संशोधकांनी न्यूयॉर्क टाइम्सचे जवळपास ७ हजार लेख तपासले होते, २०१२ चा शोधनिबंध आहे, त्यात राग आणि चिंता जागवणारं जास्त शेअर झालेलं, दुःखी मात्र कमी. मीमपण तेच करतं, जे भडकवतं तेच पळतं.

निशाचर:
अहो पण मी तेच म्हणतोय! नुसतं दुःख कोणी पुढे पाठवत नाही म्हणून तर ते हसण्यात गुंडाळून पाठवावं लागतं. आणि फोन करणारा मित्रपण आधी हसरा इमोजी टाकणाऱ्यांतलाच होता. त्या काठीवाल्या मुलाबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, माझा कुत्रा चित्रातला आहे, त्याला घरी जाऊन रडायचं नसतं. परवा मी एका रडणाऱ्या बाईच्या फोटोचं मीम ग्रुपवर टाकलेलं, ती कोण आहे माहीत नाही, आत्ता जाऊन डिलीट केलं.