प्रतिसाद: कठडा आणि शॉप ड्रॉइंगवरचा शिक्का
प्रश्न असा आलाय: बांधकामाचे नियम पाळले की ख्रिस्ती अभियंत्याला नीतीचा वेगळा अभ्यास कशाला? बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं वचन 22:8 पाहा: नव्या घराच्या धाब्याला (सपाट छपराला) कठडा कर, नाहीतर कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष तुझ्या घराला लागेल. जबाबदारी अपघाताआधीच बांधणाऱ्यावर येते.

शेजारी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हायट रीजन्सी हॉटेलचं 1981चं प्रकरण ठेवा: तिथले एकाखाली एक टांगलेले पादचारी पूल कोसळले. पूल टांगायला सलग सळईऐवजी दोन तुकडे वापरले, त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या पुलाच्या तुळईखालच्या नटावर खालच्या पुलाचाही भार आला, म्हणजे दुप्पट. 114 माणसं गेली. बदल फॅब्रिकेटरकडून (पोलादी भाग बनवणाऱ्याकडून) आला, पण शॉप ड्रॉइंगवर, म्हणजे ते भाग बनवण्याच्या तपशीलवार आराखड्यावर, मंजुरीचा शिक्का अभियंत्याचा होता; मिझुरी राज्यात अभियंत्यांचे परवाने रद्द झाले. सलग सळईचा मूळ जोडही नियमाला लागणाऱ्या भाराच्या सुमारे 60 टक्केच पेलणारा!

वर्गात आधी हा जोड कागदावर रेखाटून भार मोजायला लावा, मग वचन वाचा. उलट क्रमाने चर्चा नुसती भक्तिपर होते.