‘गर्भाचे वय’ म्हणजे नेमकं कशाचं वय?

माळरान: गरोदर बायकांसाठी सोनोग्राफीची माहितीपत्रिका मराठीत करतेय. ‘जेस्टेशनल एज’पाशी अडलेय. आजवर डोळे झाकून ‘गर्भाचे वय’ लिहीत आले. पण मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीच्या घरी याच शब्दाने आग लागली. तिचा नवरा फौजेत, सुट्टीवर येऊन साडेपाच आठवडे झालेले. रिपोर्टवर छापलेलं, ‘गर्भाचे वय ७ आठवडे २ दिवस’. सासूबाईंनी बोटांवर मोजलं आणि घर गप्प झालं. पोर चार दिवस जेवली नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, की हा हिशोब शेवटची पाळी आली त्या दिवसापासून असतो आणि गर्भ राहतो साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे सगळं जुळत होतं. ज्या दिवशी गर्भच नव्हता, त्या दिवसापासून त्याचं ‘वय’ कसं म्हणायचं? दुसरा शब्द सुचवा.

जुनी सिस्टर: उपकेंद्रात एकतीस वर्षं काढली. आम्ही ‘वय’ कधीच म्हटलं नाही. ‘किती दिवस गेलेत?’ नाहीतर ‘कितवा चालू आहे?’ तारीख कुणाला आठवायची नाही, पण ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी बसले होते बाहेर’ हे पक्कं आठवायचं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरात पोळा शोधायचा, तिथून मोजायचं. पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची तारीख.

काटेकोर: ‘गर्भवय’ लिहा. एकच शब्द, सुटसुटीत, विभक्तीही नीट लागते. तसंच ‘सीआरएल’ला, म्हणजे ‘क्राउन-रम्प लेंथ’ला, ‘शिरोनितंब लांबी’, ‘फीमर लेंथ’ला ‘ऊर्वस्थीची लांबी’. व्याख्या एकदा तळाशी द्या, लोक शिकतात. बोली शब्दांवर शास्त्र उभं राहत नाही.

जुनी सिस्टर: ऊर्वस्थी? ‘मांडीचं हाड’ म्हटलं तर काय बिघडलं? टेबलावर झोपलेल्या बाईला आधीच घाम फुटलेला असतो. तिला पडद्यावर वालाच्या दाण्याएवढं काहीतरी दिसतं, त्याच्या दोन टोकांना दोन फुल्या, मधे ठिपक्यांची रेघ. ‘डोक्यापासून कुल्ल्यापर्यंत मोजलं, नऊ मिलिमीटर भरलं’ हे तिला कळतं.

माळरान: बहिणीच्या रिपोर्टवर नऊ मिलिमीटरच होतं!

ठिपका: मी सोनोलॉजिस्ट. पहिल्या काही आठवड्यांचा ढोबळ हिशोब असा, की त्या मिलिमीटरांत ४२ मिळवायचे, दिवस मिळतात. ९ आणि ४२, ५१ दिवस, म्हणजे ७ आठवडे २ दिवस. मशीनला गर्भ कधी राहिला हे दिसत नाही, फक्त लांबी दिसते. ग्लासगोमध्ये ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये ही लांबी मोजण्याची रीत मांडली. पुढची कोष्टकं पाळीची तारीख पक्की ठाऊक असलेल्या बायकांच्या मोजमापांवरून बसवली, म्हणून ते दोन आठवडे आकड्यातच मुरलेले असतात. माझं मत ‘पाळीपासूनचे आठवडे’. लांब आहे, पण खोटं नाही.

काटेकोर: ते वर्णन झालं, संज्ञा नाही. आणि ‘दिवस गेले’ यात तरी कुठे अचूकपणा आहे? कुठले दिवस, कुठे गेले?

जुनी सिस्टर: पाळीचे दिवस टळून गेले. मला तरी तेच वाटत आलंय. म्हणजे बायकांची मोजणी पाळीपासूनच होती, आणि शब्दात ते धरलेलंही होतं.

गोठा: आमच्याकडे गाय भरवली त्या दिवसापासून मोजतात. तिलाही नऊ महिने नऊ दिवसच. डॉक्टर हात घालून ‘तीन महिन्यांची गाभण’ सांगतो, ते भरवल्यापासूनचे तीन. बाईचे २८० दिवस पाळीपासून आणि गाईचे जवळपास तेवढेच, पण भरवल्यापासून. आकडा एक, सुरुवात वेगळी. सासूबाईंनी गाईचा हिशोब सुनेला लावला असेल. गावात हा घोळ नेहमी होतो.

माळरान: हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या गोठ्यात दोन गाई आहेत.

दोहद: ‘नऊ महिने नऊ दिवस’ हे इंग्रजी महिन्यांनी २८२ च्या आसपास येतं, आपल्या चांद्रमासांनी २७५ च्या. म्हणजे हा वाक्प्रचार कुठल्या महिन्यांचा, हा खरा प्रश्न. तसंच ‘गरोदर’ हा ‘गुरु’ आणि ‘उदर’ मिळून झाला असं मी मानतो. कोकणीत ‘गुरवार’ म्हणतात, तेही जवळचंच वाटतं.

काटेकोर: ‘गर्भ’ आणि ‘उदर’ का नाही? ‘गुरु’ कशाला ओढून आणायचा?

दोहद: ‘गर्भोदर’मधला ‘भ’ मग कुठे गेला? आणि ‘डोहाळे’ तर ‘दौहृद’वरून. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून त्या बाईला दोन हृदयांची म्हटलंय. तेव्हाही वय महिन्यांनीच सांगत होते.

ठिपका: मूळ प्रश्नाला धरून एक. पत्रिकेत शब्द कुठलाही घाला, पण लवकर या, हे ठळक छापा. पहिल्या तीन महिन्यांत चूक पाच ते सात दिवसांची, कारण तेव्हा बाळं जवळपास सारख्या वेगाने वाढतात. सातव्या महिन्यानंतर डोकं, पोट, मांडीचं हाड सगळं मोजूनही तीन आठवडे इकडेतिकडे होतं. आईबाप बुटके, आईचं पोषण कमी, की मशीन बाळ कमी आठवड्यांचं समजतं. मापांवरून आठवडे काढायची मशीनमधली हॅडलॉकची सूत्रं १९८४ ची, ह्यूस्टनमधल्या बायकांवरची. गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयातल्या बायकांच्या नोंदींवरून आपल्याकडे ‘गर्भिणी’ नावाची सूत्रं केलीत, ती अजून रुळायची आहेत.

माळरान: ते घालते. पण शब्द? सोमवारी छपाईला जायचंय. आत्ता ‘पाळीपासूनचे आठवडे’ लिहून खाली एक ओळ टाकलीय, ‘गर्भ यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी राहतो’.

काटेकोर: कंसात ‘गर्भवय’ तरी ठेवा.

जुनी सिस्टर: नका ठेवू. लोक कंसातलंच वाचतात. आणि ते आठवडे ‘भरलेले’ की ‘चालू’, तेही लिहा. रिपोर्टवर भरलेले असतात, आपल्याकडे ‘सातवा लागला’ म्हणजे सहा सरलेले. ओटीभरणाच्या वेळी यावरून दर घरात वाद होतो.

गोठा: आमच्यात ‘लागला’ गाईला म्हणत नाहीत, ‘सातव्यात आहे’ म्हणतात. विदर्भात काय म्हणतात?