पाच पिढ्यांच्या पलीकडची वंशावळ : संशोधन की नुसती हौस?

काजवा

माझ्या थोरल्या काकांनी चौदा पिढ्यांची वंशावळ केली आहे. मूळ पुरुष बुंध्याशी, आम्ही पोरंटोरं शेंड्यावरच्या पानांत. पाहुणा आला की गुंडाळी सुटते आणि तो बिचारा तासभर माना डोलावत बसतो. गेल्या महिन्यात काकांनी ती टाइप करायला माझ्याकडे दिली. नुसतं बघताना जे खपून जातं ते टाइप करताना खपत नाही. सहाव्या पिढीतले एक गृहस्थ, कागदावरच्या सालांप्रमाणे, अकराव्या वर्षी बाप झालेले दिसले! काकांच्या जुन्या वह्या उपसल्या तेव्हा कळलं की त्या नावा-आडनावाचे दोघे होते, वयात वीसेक वर्षांचं अंतर. आमचा पूर्वज थोरला. आईबापांची नोंद मात्र सापडली ती धाकट्याची, आणि काकांनी ती थोरल्याला चिकटवली. म्हणजे वरच्या आठ पिढ्या दुसऱ्याच कोणाच्या. आठ पिढ्या आम्ही परक्यांचे वाडवडील मिरवतोय.

तेव्हापासून माझं मत झालंय की पाच पिढ्यांवर थांबावं. दीडशे वर्षांच्या आतबाहेर माणसं माणसांसारखी दिसतात. एखादं पत्र असतं, फोटो असतो, कोणीतरी कोणाला पाहिलेलं असतं. त्यापुढे नुसती नावं.

शिवाय गणित बघा. आईबाप दोन, त्यांचे आईबाप चार, मग आठ, सोळा, पाचवी पिढी बत्तीस. दहाव्या पिढीत १०२४, विसाव्या पिढीत दहा लाखांच्या वर आणि तिसाव्या पिढीत १०७ कोटी. आठ-नऊशे वर्षांपूर्वी जगात एवढी माणसंच नव्हती. म्हणजे तीच तीच माणसं आपल्या झाडात शंभर वाटांनी येतात, आणि शेजाऱ्याच्या झाडातही. रोडी, ओल्सन आणि चँग या तिघा संशोधकांनी २००४ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात हेच गणित मांडलं होतं. आज जिवंत असलेल्या सगळ्यांचा सामायिक पूर्वज काही हजार वर्षांइतकाच मागे असू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष. मग 'आमचे मूळ पुरुष अमुक राजाच्या पदरी होते' यात मिरवायचं काय? तो राजा सगळ्यांचाच खापर-खापरपणजोबा.

रक्ताचं म्हणाल तर तेही फार टिकत नाही. दहा पिढ्यांमागच्या त्या १०२४ जणांपैकी जवळपास निम्म्यांच्या डीएनएचा एकही तुकडा आपल्यात उरलेला नसतो.

भुंगा

गणित मान्य, निष्कर्ष अमान्य. काकांची चूक सहाव्या पिढीत झाली कारण त्यांनी दोन नोंदी ताडून पाहिल्या नाहीत. हीच चूक तिसऱ्या पिढीतही होते. माझ्या सख्ख्या पणजोबांच्या जन्माची तीन वेगवेगळी सालं माझ्याकडे आहेत, आणि त्यातलं एक त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय. मर्यादा घालायचीच तर पुराव्याची घाला, पिढ्यांची कशाला?

आइसलँडचंच बघा. तिथे १७०३ साली अख्ख्या देशाची नावानिशी शिरगणती झाली, ५०,३५८ माणसं. त्याला इतर जुनी कागदपत्रं जोडून त्यांनी सगळ्या देशाची एकच वंशावळ बांधली आणि २००३ पासून ती त्यांच्या नागरिकांना इंटरनेटवर बघता येते. कोणतेही दोघे आपलं नातं कुठे जुळतं ते शोधू शकतात. पाच पिढ्यांवर थांबले असते तर हे झालं असतं का?

खरा घोळ दुसरीकडे आहे. नेटवरच्या दहा वंशावळींत एकच माहिती दिसली की लोकांना वाटतं दहा पुरावे मिळाले. मुळात एकाने ठोकून दिलेलं असतं, नऊ जणांनी उतरवून घेतलेलं असतं.

काजवा

आइसलँड म्हणजे अपवाद हो. छोटं बेट, लिहायची आवड, कागद जपलेले. आयर्लंडमध्ये जाऊन विचारा. १९२२ च्या यादवीत डब्लिनचं सरकारी अभिलेखागार स्फोटात आणि आगीत गेलं, शतकानुशतकांचे कागद खाक झाले. अमेरिकेची १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीत आणि त्यानंतर जवळजवळ सगळी गेली. आगीतून वाचलं ते वाळवीने खाल्लं, वाळवीतून वाचलं ते रद्दीत गेलं. बहुतेकांची गोष्ट अशीच असते, आणि मग भोकं बुजवायला कल्पनाशक्ती धावून येते.

अबोली

काजवा, तुमच्या काकांच्या झाडात बायका किती आहेत हो?

टोमणा नाही, खरंच विचारतेय. बापाचा बाप, त्याचा बाप अशी एकच रेघ धरून चौदा पिढ्या गेलं, तर स्वतःला पहिली पिढी धरून चौदाव्या पिढीत ८१९२ जागा असतात. काकांनी त्यातली एक भरली. तीही चुकली म्हणता. मला याला झाडच म्हणवत नाही, ही नुसती काठी झाली.

मी उलट्या बाजूने सुरुवात केली. जुनी क्रमांकपद्धत आहे एक, मिखाएल आयत्सिंगर यांनी १५९० साली छापलेली. आपण १. कोणाच्याही वडिलांचा क्रमांक त्याच्या दुप्पट, आईचा दुप्पट अधिक एक. माझं सगळं अडलं होतं २३ वर. २३ म्हणजे वडिलांच्या आईच्या आईची आई. सगळीकडे ती 'अमक्याची पत्नी'. कोणी नावच लिहिलेलं नाही. दोन वर्षं हा चौकोन रिकामा होता. मग आजीच्या मामेबहिणीकडे एक शाळेचं पुस्तक निघालं, पुठ्ठा सुटलेलं. पहिल्या पानावर पेन्सिलीने तिचं नाव, खाली तेच नाव पुन्हा, आणि तिसऱ्यांदा अर्धंच. बहुधा अक्षर गिरवत असावी. नावातल्या एका अक्षराची वेलांटी तिन्ही वेळा चुकलीय. 'अमक्याची पत्नी' असलेली ती बाई त्या चुकलेल्या वेलांटीने मला एकदम आठ वर्षांची दिसली.

तुमच्या हिशोबाने ती पाचाच्या आतच येते म्हणा. पण तिच्या आईचं नाव मिळालं तर मी पाच मोजून थांबणार नाही.

काजवा

पटलं, आणि जरा लागलंही. झाडात बायका नाहीतच. काही ठिकाणी 'द्वितीय संबंध' असं लिहिलंय, नाव नाहीच.

पण घरच्या आठवणींवर फार विसंबू नका. अमेरिकेत कितीतरी घरांत सांगतात की न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरच्या स्थलांतरितांच्या केंद्रात उतरताना कारकुनाने आमचं आडनाव बदललं. ते केंद्र १८९२ ते १९५४ चाललं. तिथले अधिकारी जहाजावरून आलेल्या याद्या समोर ठेवून नावं ताडून बघत, आणि त्या याद्या जहाज सुटतानाच तयार व्हायच्या. नाव बदलायचं तिथे कामच नव्हतं. तरी तीन-तीन पिढ्या शपथेवर सांगतात.

अबोली

हो, आणि मग आडनाव बदललं कोणी? त्यांनी स्वतःच, नंतर, नोकरी मिळावी किंवा शेजाऱ्यांनी हसू नये म्हणून. ते सांगायला लाज वाटली म्हणून कारकुनावर ढकललं. आठवण खोटी असली तरी लाज खरी ना? मी तर दोन्ही लिहीन. एका रकान्यात कागद काय म्हणतो, दुसऱ्यात घरचे काय म्हणतात.

टाकसाळ

'पाच पिढ्यांवर थांबा' हे ज्यांच्या पाच पिढ्या आयत्या ताटात वाढलेल्या आहेत त्यांनी म्हणावं.

अमेरिकेतल्या गुलामांच्या वंशजांचं काय? १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांचे वेगळे तक्ते होते. त्यात मालकाचं नाव, आणि खाली नुसतं वय, लिंग, वर्ण. माणसाचं नाव बहुतेक ठिकाणी नाहीच. बहुतेकांची नावं पहिल्यांदा लिहिली गेली ती १८७० च्या जनगणनेत. शोधणारे त्या सालाला भिंतच म्हणतात. भिंतीपलीकडे जायचं तर आपल्या पणजीच्या पणजीला मालकाच्या मृत्युपत्रात, खरेदीखतात, गाईगुरांच्या यादीशेजारी शोधावं लागतं. अशा माणसाला सहावं नाव सापडलं तर त्याला 'नुसतं नाव' म्हणाल? मी नाही म्हणणार.

निशाचर

तुम्ही सगळे मेलेल्यांबद्दल भांडताय. माझं भांडण जिवंतांसाठी आहे. मी तर म्हणतो दोन पिढ्यांवर थांबा, आणि डीएनएच्या भानगडीत पडूच नका.

आमच्या मावसभावाने हौसेने चाचणी केली. नळीत थुंकला, पाठवून दिली. दीड महिन्याने निकालात एक सावत्र भाऊ उगवला, वय चौसष्ट. मावशीच्या लग्नाच्या आधीचा, तिच्या नवऱ्याचा. काका जाऊन बारा वर्षं झाली. मावशीने फोटोंचा अल्बम कपाटात घालून किल्ली स्वतःकडे ठेवलीय आणि भाच्यांपैकी कोणाशी ती आता त्या विषयावर बोलत नाही. कोणाला काय मिळालं यातून?

आणि थुंकी एकाची असली तरी माहिती सगळ्या गोतावळ्याची जाते. २०१८ साली कॅलिफोर्नियात चाळीस वर्षांपूर्वीच्या खुनांतला आरोपी सापडला. त्याने स्वतः कुठे डीएनए दिला नव्हता. लांबच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या हौसेपायी आपला डीएनए नेटवर चढवला होता, त्यावरून माग काढला. खुनी सापडला ते उत्तमच, पण संमती कोणी दिली, त्या नात्यातल्या बाकीच्यांनी? २०२३ मध्ये २३अँडमी या डीएनए चाचणीच्या कंपनीतून सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. डीएनए कसा बदलणार?

अबोली

निशाचर, मावशीबद्दल वाईट वाटतं. पण त्या चौसष्ट वर्षांच्या माणसाबद्दल तुम्ही एक वाक्यही लिहिलं नाहीत. 'उगवला' म्हणालात. तो चौसष्ट वर्षं होताच की.

निशाचर

'उगवला' हा शब्द चुकला, मागे घेतो. बाकी मतावर ठाम आहे. त्याला कळायचा हक्क आहे आणि मावशीला न कळायचा हक्क आहे. एका चाचणीने दोघांचं मन राखता येत नाही. निदान करण्याआधी घरात विचारावं एवढं तरी?

भुंगा

विचारावं. इथे निशाचरांशी सहमत. वंशावळ नेटवर टाकताना जिवंत माणसांची नावं झाकायची, हा साधा नियमही पुष्कळ जण पाळत नाहीत.

रिकामटेकडा

सगळेच एकमेकांचे चुलत-आतेभाऊ निघणार असतील तर एवढा उपद्व्याप कशाला? आणि याच उपद्व्यापाचं पुढे काय होतं तेही बघा. नाझी जर्मनीत लोक आजी-आजोबांचे दाखले खिशात घेऊन फिरत होते. एसएस या हिटलरच्या खास दलात शिरायला १८०० सालापर्यंतची 'शुद्ध' वंशावळ लागायची, अधिकारी व्हायचं तर १७५० पर्यंतची. कुळाचा अभिमान सुटला की तो कुठे जाऊन थांबेल सांगता येत नाही.

भुंगा

म्हणूनच नीट शोधावी! शुद्धतेचा भ्रम अर्धवट वंशावळीत टिकतो. चांगली खणलेली वंशावळ काढून दाखवा आणि त्यात परका, पळून आलेला, दत्तक, नाव बदललेला असा कोणी नाही असं होऊ दे, मी मिशी काढतो.

रिकामटेकडा

मिशी आहे का आधी?

पाटीपेन्सिल

मध्येच तोंड घालतो. वरची सगळी चर्चा उच्च आहे, पण डॉक्टर तीनच पिढ्या विचारतात. कोण कशाने गेलं आणि कितव्या वर्षी. माझ्या भावाला हे विचारलं तेव्हा आमच्या घरच्या देखण्या वंशावळीचा काडीचा उपयोग झाला नाही. तीत जन्म-मृत्यूची सालं होती, कारण एकाचंही नव्हतं. आजोबांचे दोन भाऊ पन्नाशीच्या आत हृदयविकाराने गेले हे घरच्या जुन्या गड्याने सांगितलं. काय शोधायचं ते शोधा, पण एक रकाना त्याचाही ठेवा.

काजवा

सगळ्यांचं वाचलं. टाकसाळ यांचं म्हणणं मान्य, पाच हा आकडा मी माझ्या सोयीने धरला होता. निशाचर यांच्याशी अर्धा सहमत. भुंगा यांच्या मिशीबद्दल काही म्हणणं नाही.

काल रात्री अबोली यांच्या पद्धतीने स्वतःचा तक्ता मांडून बसलो. आईवडिलांपासून पाचव्या पिढीपर्यंत बासष्ट चौकोन. दिमाखात भरायला घेतले आणि एकोणिसावर गाडं अडलं. त्या एकोणिसात बायका सहा. आईच्या बाजूचं तर तिच्या आजोबांपलीकडे मला काहीच ठाऊक नाही, आणि मी इथे लोकांना पाचव्या पिढीवर थांबायला सांगत होतो.

अबोली

त्रेचाळीस राहिले. कोणापासून सुरू करताय?

काजवा

आईच्या आत्यापासून. नव्वदीच्या आहेत, दुपारी झोप झाली की छान बोलतात म्हणे. रविवारी जातोय. काकांना अकरा वर्षांच्या बापाचं अजून सांगितलेलं नाही. टाइप झालं का म्हणून रोज फोन येतोय.