टापूवरच्या माणसांना 'असंच राहू द्या' म्हणणाऱ्यांना उत्तर

धडगावकर
परवा इथल्याच एका सदस्याने आमच्या नंदुरबारकडच्या, नर्मदेच्या बुडितातल्या (धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या भागातल्या) एका टापूवर राहून आल्यावर फोटोंसकट लेख टाकला. थोडक्यात असा: चारी बाजूंनी पाणी, फोनला रेंज नाही, पहाटे जाळ्यातून काढलेला मासा, मक्याची भाकरी, कुणाला घाई नाही, म्हणून या लोकांपर्यंत रस्ता-वीज नेऊन त्यांना बिघडवू नका. खाली सगळ्यांनी हात जोडलेले. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही ज्याला टापू म्हणता तो आमच्याकडे कालपर्यंत डोंगर होता. खाली नदीकाठची काळी जमीन, वर घरं, त्याच्यावर जंगल. सरदार सरोवराची भिंत चढत गेली तसं पाणी चढलं. २०१९ च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं आणि डोंगराचं नुसतं डोकं वर राहिलं. हा एकांत कुणी निवडलेला नाही. जमीन गेली म्हणून माणूस मासे धरायला लागला, पाडा कोळ्यांचा होता म्हणून नाही.

आता रोजचं सांगतो. जाळं संध्याकाळी टाकतात, पहाटे ओढतात. पाण्याखाली जुन्या सागाची खोडं अजून उभी आहेत. त्यात जाळं अडकलं की फाटतं, ओढलं तर आणखी फाटतं, आणि सोडवायला कुणीतरी पाण्यात उतरावं लागतं. कटला-रोहू मिळाला तर ठीक, नाहीतर चिलापी, म्हणजे हलका मासा. मग व्यापाऱ्याच्या बोटीची वाट. त्याच्या थर्माकोलच्या पेटीतला बर्फ तळोद्याहून येता येता अर्धा वितळलेला असतो, म्हणून तो आधीच कट्टी लावतो, म्हणजे वजनात कापून घेतो. जाळं त्याच्याच उचलीतून घेतलेलं, म्हणून भाव तोच ठरवतो. बोट आलीच नाही तर मासा चिरून, मीठ लावून खडकावर. तुमच्या फोटोत जे मासे वाळताना छान दिसतात ना, ते न विकले गेलेले मासे आहेत.

आणि उन्हाळा तुम्ही पाहिलेलाच नाही. धरणाची किमान पातळी ११०.६४ मीटर. पाणी उतरायला लागलं की घर आणि होडी यांच्यामध्ये गाळाचा उतार उघडा पडतो. बाई डोक्यावर हंडा घेऊन त्या गाळात मांडीपर्यंत रुतते. जनावर रुतलं तर कधीकधी निघतही नाही.

माझं म्हणणं एवढंच: रस्ता पाण्याने गिळला असेल तर पाण्यावरून सोय द्या. नियमित बोट, बोटीत जॅकेट, दवाखाना, रेशन, बर्फ. उपकार म्हणून नाही, देणं म्हणून.

पुणेस्थित खान्देशी
तो लेख माझा. नाव न घेता झोडपलंत, तरी उत्तर देतो. मी मूळचा शिरपूरचा आहे, बाहेरचा पर्यटक नाही. ज्या आजोबांकडे उतरलो त्यांनी स्वतः सांगितलं की आम्ही इथे सुखी आहोत. माझ्या डोळ्यांसमोर मुलं पोहत होती, रात्री अंगणात ढोल वाजत होता. शहरात माणसं गोळ्या खाऊन झोपतात. मला जे दिसलं ते मी लिहिलं. गरिबीचा फोटो काढला असता तर तुम्हीच म्हणाला असतात की आदिवासींना बिचारं दाखवतो.

मोलगीच्या ताई
दादा, पाहुण्याला कुणी 'आम्ही दुःखी आहोत' असं सांगतं का? कोंबडी कापली असेल तुमच्यासाठी. ती कोंबडी बाजारात जाणार होती.

मी या भागात शिकवते. रेशनचं एक उदाहरण देते. धान्य बोटीने येतं, पण मशीनवर अंगठा लावायला रेंज लागते. मशीन घेऊन माणूस टेकडीवर चढतो, मागोमाग म्हाताऱ्या चढतात. जाळं ओढून ओढून बोटांच्या रेषा झिजलेल्या, अंगठा उमटत नाही. 'पुढच्या वेळी या' म्हणजे परत पूर्ण दिवस आणि होडीचं डिझेल. रेंज नसण्यातली शांतता तेव्हा कुणाला आठवत नाही.

आणि बाळंतपण? बांबूला गोधडीची झोळी बांधायची, दोघांनी खांद्यावर घेऊन काठापर्यंत आणायचं, मग बोट. तरंगता दवाखाना आहे, बोट-अ‍ॅम्ब्युलन्सही आहे, त्यातले काही लोक जीव तोडून काम करतात हे मी पाहिलंय. पण वारा सुटला की लाटा उठतात आणि कुठलीच बोट निघत नाही.

शहाद्याचा शेतकरी
ताई, तुम्हीच माझा मुद्दा मांडला. वारा सुटला की बोट निघत नाही, मग तिथे राहायचं कशाला? नर्मदेच्या पाणीवाटपाच्या लवादाने १९७९ मध्येच कुटुंबाला किमान २ हेक्टर जमीन ठरवून दिली. सोमावल, रोझवा, नर्मदानगर अशा पुनर्वसनाच्या वसाहती झाल्या. तिथे गेलेल्यांची पोरं आज कॉलेजात आहेत. चार घरांसाठी बोट, नावाडी, डिझेल, डॉक्टर, मास्तर, हे कुठल्या सरकारला जमणार? आमच्याकडे सरळ डांबरी रस्त्यावर एसटी येत नाही. भावनेच्या भरात लोकांना डोंगरावर बसवून ठेवणारे तुमच्यासारखे लोक आहेत, म्हणून ती पोरं मागे राहिली. कडू वाटेल, पण लिहितो.

धडगावकर
कडू नाही, अर्धवट आहे. ज्याची जमीन 'बुडाली' असं कागदावर आलं त्याला जमीन. ज्याची बुडाली नाही पण चारी बाजूंनी पाण्याने वेढली, तो वर्षानुवर्षं अर्ज करतोय. टापूची जमीन मोजायला माणूस न्यायचा तर बोट आणायची कुणी, इथून भांडण सुरू होतं. शिवाय तळोद्याकडची जमीन म्हणजे रिकामी पडलेली नव्हती, जंगल मोकळं करून दिली. तिथे आधीपासून कसणारे होतेच. आदिवासी विरुद्ध आदिवासी भांडण लावून दिलं. हे तुम्हाला शहाद्यात बसून ठाऊक नसेल असं मी मानत नाही.

आणि खर्चाचं म्हणता? या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. राज्यातली ३३ गावं त्यासाठी बाधित. त्या विजेवर तुमचा कृषिपंप चालतो. बिलगावला लोकांनी श्रमदान करून धबधब्यावर स्वतःची वीज केली होती, २००३ मध्ये. तीही धरणाच्या पाण्यात गेली. मग एका बोटीच्या डिझेलचा हिशोब कुणी कुणाला विचारायचा?

शहाद्याचा शेतकरी
माझ्या कृषिपंपाला रात्री वीज येते आणि साप चावायची भीती असते, ते सोडा. सगळ्याचं पाप शेतकऱ्याच्या माथी मारू नका.

तापीकाठचा भोई
वाचतोय मघापासून. नर्मदेचं बोलायला सगळे पुढे, तापीचं कोण बोलणार? मासेमारी म्हणाल तर खान्देशात ती भोई समाजाची. आमचे आजे-पणजे तापीच्या डोहात जाळं टाकायचे, उन्हाळ्यात पात्रात डांगर-टरबुजाच्या वाड्या करायचे. तापीवर हतनूर धरण झालं, मग प्रकाशा-सारंगखेड्याची बॅरेज झाली. पात्रात पाणी उभं राहिलं, वाड्या गेल्या. त्या पाण्यात माशाचं बीज कोण सोडणार आणि मासा कोण काढणार, याचा ठेका निघतो. पैसेवाला बाहेरचा माणूस संस्थेचं नाव पुढे करून ठेका घेतो आणि भोई त्याच्याकडे मजुरीने जाळं ओढतो. आमच्या पाण्यात आम्हीच चोर. माझ्या चुलत्याला रात्री गळ टाकताना मारलंय ठेकेदाराच्या माणसांनी. आमले कोन इचारस?

नवापूरवाला
नाना, तुमचं दुःख खरं, पण 'मासेमारी भोयांची' हे वाक्य मागे घ्या. तापीवरचं उकाई धरण १९७२ ला झालं. भिंत गुजरातेत, फुगवटा आमच्या नवापूर तालुक्यात. आमच्या गावितांची, वसाव्यांची, मावच्यांची शेतं त्यात गेली. ज्याची जमीन पाण्याखाली, त्या पाण्यातला मासा पहिला त्याचा. जात बघून मासा जाळ्यात येत नाही.

तापीकाठचा भोई
मागे का घेऊ? तुमच्याकडे जंगल होतं, जमीन होती, काही ना काही कागद होता. आमच्याकडे नदी सोडून एक गुंठा नव्हता. बाधितांच्या यादीत भोयाचं नाव दाखवा मला. नदी गेली त्याला नुकसान धरतच नाहीत.

नवापूरवाला
कागद होता म्हणे! माझ्या आजाला मिळालेल्या पैशात बैलजोडी आली नसती. आणि मासे धरायला गेलो तर हद्द आडवी येते. पाण्यावर राज्याची रेष कुणी आखलीय? होडी वाऱ्याने जराशी पलीकडे गेली आणि आमची जाळी ओढून नेली लोकांनी. तक्रार करायला गेलो तर विचारतात, पाण्यात तुमचं गाव नक्की कुठे होतं ते दाखवा. पाण्याखाली बोट करून दाखवू?

मोलगीच्या ताई
दोघंही एकमेकांवर कशाला? ठेकेदार आणि व्यापारी बाजूला राहिले आणि तुमचीच जुंपली. आमच्याकडे काही पाड्यांनी मिळून सहकारी संस्था केल्या, बीज स्वतः सोडायला लागले. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं, आणायची म्हणजे पिशवीत ऑक्सिजन भरून घाटातून आणायची, उशीर झाला तर अर्धी मरतात. तरी करतात. भोई दादांना जाळं विणायचं, बीज सांभाळायचं जे ज्ञान आहे ते आमच्या पोरांना हवंय. माझ्या शाळेतल्या मुलांचे वडील शेतकरी होते, त्यांना पाण्याची भीती वाटायची. पाणी कसं ओळखायचं हे ते मोठेपणी शिकले.

तापीकाठचा भोई
शिकवायला येईन. पण शिकवून झाल्यावर 'तू बाधित नाहीस, जा' म्हणू नका. आधी ते ठरवा.

नवापूरवाला
असं कोणी म्हणणार नाही. पहिला हक्क बुडालेल्याचा, हे मात्र मी सोडत नाही. दुसरा भोयाचा, चालेल.

तापीकाठचा भोई
दुसरा नाही. बरोबरीचा.

पुणेस्थित खान्देशी
विषय कुठल्या कुठे गेला. मूळ मुद्द्यावर: २०१९ च्या संक्रांतीला नर्मदाकाठच्या भूषा गावाजवळ बोट उलटून माणसं गेली, लहान मुलं गेली. क्षमतेपेक्षा जास्त लोक भरले होते. पर्यटन वाढवू नका, असंच मीही आता म्हणेन. पण बोटी वाढवल्या की पर्यटक वाढणारच, मग टापूवर हॉटेलं होतील. धरणाजवळच्या केवडियाला, सरदार पटेलांच्या पुतळ्यापाशी, काय झालं ते दिसतंय. याचं उत्तर कुणी दिलं नाही.

धडगावकर
उत्तर देतो. त्या दिवशी जादा माणसं एका बोटीत चढली, कारण दुसरी बोट नव्हती. सणाला नदीवर पूजेला जाणारे लोक होते ते, पर्यटक नव्हते. हौशी बोट आणि गावाची बोट यात फरक करायला सरकारला कुणी अडवलेलं नाही. गावाच्या बोटीचं वेळापत्रक ग्रामसभेने ठरवावं. आठवडे बाजाराला मोलगी-धडगावच्या वाटेला लागायला एक फेरी, दवाखान्याची वेगळी. हॉटेलाला ग्रामसभेने नाही म्हणावं, त्याला पेसा कायद्याचा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा, आधार आहे. तुमच्या लेखात ग्रामसभा हा शब्दच नव्हता. तुम्ही आजोबांशी बोललात, त्यांच्या सुनेशी बोललात का? गाळातून हंडा तीच आणते.

पुणेस्थित खान्देशी
सुनेशी बोललो नाही. लेख काढणार नाही, पण तुमचं उत्तर आणि ताईंचं रेशनचं लिहिलेलं त्याखाली जोडतो.

शहाद्याचा शेतकरी
मी माझ्या मतावर आहे. पोरांसाठी खाली यावं. पण जमीन मोजून हातात मिळेपर्यंत बोट बंद ठेवा असं मी कधी म्हटलेलं नाही. जॅकेट, बर्फ, दवाखाना, यांना माझा विरोध नाही. आणि धडगावकर, ते कृषिपंपाचं वाक्य मला लागलंय.

धडगावकर
लागायलाच लिहिलं होतं भाऊ. मोजणीच्या अर्जावर तुमच्या भागातल्या लोकांच्या सह्या मिळाल्या तर हव्यात. पुनर्वसन वसाहतीतले लोक तुमच्या बाजाराला येतात, त्यांना विचाराल का?

शहाद्याचा शेतकरी
विचारतो. वचन देत नाही.

तापीकाठचा भोई
त्या अर्जात मासेमारीच्या ठेक्याचा मुद्दा घालणार असाल तर माझी सही धरा. नसेल तर नाही.