थंड पाण्यात रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारं उपकरण) फ्री-फ्लो होतोय, म्हणजे हवा न थांबता वाहतेय, मदत हवी आहे

बुडालेल्या मासेमारी ट्रॉलरवरचा डाइव्ह. खोली 28 मीटर, तळाशी पाणी 5 अंश. सांगाड्यावरच्या ॲनिमोनींचे (फुलासारखे दिसणारे समुद्री प्राणी) फोटो घेऊन वर सरकताना नव्हे, तर खाली उतरताना ड्रायसूटमध्ये (अंग कोरडं ठेवणारा सूट) हवा भरली की सेकंड स्टेज (रेग्युलेटरचा तोंडात धरायचा भाग) धो धो वाहू लागतो. त्यात सांगाड्यावर जुनी जाळी लटकलेली, म्हणजे घाईने वर येणंही धोक्याचं.

सिलिंडर एकच, 12 लिटरचा. फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग) डायफ्रामचा, म्हणजे लवचिक पडद्यावर चालणारा, आणि थंड पाणी आत न शिरणारा सीलबंद. सर्व्हिस झालेली, इंटरमीडिएट प्रेशर (फर्स्ट स्टेजमधून होजमध्ये येणाऱ्या हवेचा दाब) 9.5 बारवर स्थिर. पाण्याबाहेर रेग्युलेटरमधून श्वास घेत नाही, पर्ज (हवा जोरात सोडायचं बटण) दाबत नाही, व्हेंचुरी (हवेचा झोत वाढवणारी सेटिंग) कमीवर, सूटमध्ये हवा थोडी थोडीच.

प्रेशर 9 बारवर आणून भागेल, की एच-व्हॉल्व्ह (एकाच सिलिंडरला दोन तोंडं देणारा व्हॉल्व्ह) लावून दुसरा फर्स्ट स्टेज घ्यावा? घेतला तर सूट आणि बीसीडीचे (तरंगणं सांभाळणारं हवा भरायचं जॅकेट) होज कुठे जोडायचे?