एका सेमिस्टरसाठी सव्वापाच लाख: बोलोन्याला जावं का?

पावसाळी
गेल्या फेब्रुवारीत मी पुण्याहून इटलीत बोलोन्याला गेले, जूनअखेर परत आले. बी.ए.चं चौथं सेमिस्टर, विषय अर्थशास्त्र. कॉलेजचा करार असल्यामुळे तिथली फी नव्हती, बाकी सगळं घरचं. तिकीट, व्हिसा, विमा, भाडं, जेवण धरून सव्वापाच लाख गेले. यावरून आमच्या नात्यात दोन तट पडलेत, म्हणून या फोरमवर मांडते. माझं मत ठाम आहे: जावं, आणि तिथल्या परीक्षेसाठी जावं.

१०८८ सालापासूनचं विद्यापीठ, ऊन-पावसात डोक्यावर छप्पर देणाऱ्या मैलोन्‌मैल कमानी, हे सगळं खरंच सुंदर आहे. पण मी बदलले ती एका टेबलापाशी. तिथे बऱ्याच परीक्षा तोंडी असतात. आपली व्हायव्हा म्हणजे जर्नलवर सही झाली की सुटलो. तिथे अख्ख्या विषयाचे गुण त्या बोलण्यावरच ठरतात. शिवाय ती परीक्षा जाहीर असते, मागच्या बाकांवर पुढच्या नंबरची मुलं ऐकत असतात. ३० पैकी १८ ला पास.

आर्थिक इतिहासाच्या परीक्षेत मी पाठ केलेलं धडाधड म्हणून दाखवलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग पुस्तकातला मजुरीचा एक आलेख माझ्यापुढे सरकवला. "यात कोणाची मजुरी मोजलेली नाही?" मला उत्तर येईना. बोलोन्या एकेकाळी रेशमासाठी नावाजलेलं शहर. त्या रेशमावर घरोघरी राबणाऱ्या बायका त्या आलेखात नव्हत्याच, आणि तो आलेख मी महिनाभर बघत होते. बाईंनी २१ सांगितले आणि विचारलं, "घेतेस, की पुन्हा येतेस?" तिथे मिळालेले गुण नाकारता येतात. मी नाकारले. तीन आठवड्यांनी २७ मिळाले. तेव्हापासून कुठलाही तक्ता दिसला की आधी त्यात कोण नाही ते शोधते.

देशावरचा
ताई, अनुभव छान लिहिलाय, पण हिशेब पटत नाही. सव्वापाच लाख म्हणजे आमच्याकडे विहीर, मोटर आणि पाइपलाइन. हेच पैसे राखून पदवीनंतर पूर्ण मास्टर्सला जावं. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो लावतात, तरी हातात पदवी तर पडते. पाच महिन्यांत माणूस शहर ओळखायला लागतो तोवर बॅग भरायची वेळ येते. आणि एक विचारतो, राग मानू नका: तिथल्या पेपरांचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे अंक, इथे धरले का?

पावसाळी
राग कसला. २४ आणले होते, कॉलेजने निम्मेच धरले. दोन पेपर इथे परत दिले. ते मला अजून लागतं.

तोरिनोकर
मी इटलीत सहा वर्षं आहे आणि देशावरच्यांच्या बाजूचा आहे, कारण मात्र वेगळं. बोलोन्या ज्या एमिलिया-रोमान्या प्रांतात येतं, तिथली एर-गो ही सरकारी संस्था घरचं उत्पन्न बघून शिष्यवृत्ती देते. त्यासाठी परदेशी मुलंही अर्ज करू शकतात. पण प्रवेश पूर्ण पदवीसाठी हवा. म्हणजे त्याच वर्गात, त्याच बाईंपुढे, दोन वर्षं बसायला मदत मिळू शकते आणि पाच महिने बसायला घरून पैसे आणावे लागतात. युरोपच्या एरास्मस मुंडुस मास्टर्सची शिष्यवृत्ती तर महिना १४०० युरो आहे. विशीतल्या मुलांना हे कोणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

डोंबिवलीची आई
माझी मुलगी याच वर्षी जाऊन आली, गाव दुसरं. तुम्ही सगळे फी आणि शिष्यवृत्तीचं बोलताय, मी खोलीचं सांगते. फोटो पाहून इथूनच ६०० युरो डिपॉझिट पाठवलं होतं. ती पोचली तर त्या पत्त्यावर तसं घरच नव्हतं. रात्रीचे साडेअकरा, पोरगी स्टेशनवर, फोनची बॅटरी सहा टक्के. ती रात्र मी देवापुढे बसून काढली. चौथ्या दिवशी खोली मिळाली, तिचं तिनेच बघितलं. पोहोचल्यापासून आठ कामाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज पोस्टात द्यायचा असतो, तोही तिनेच भरला. आता घरात विजेचं बिल, बँक, आजोबांचा मेडिक्लेम, सगळं ती बघते. तरी धाकट्याला पाठवेन का? नाही. पैसे आहेत, पण ती रात्र मला पुन्हा नको.

पावसाळी
काकू, वाचून पोटात गोळा आला. मला खोली आधीच्या वर्षी गेलेल्या सीनियरकडून मिळाली, म्हणून निभावलं. जाणाऱ्यांनी न बघता डिपॉझिट पाठवू नये, पहिले काही दिवस हॉस्टेलात काढावेत.

तोरिनोकर, तुमचं खरं आहे आणि एर-गोचं मला तिथे गेल्यावरच कळलं. पण विसाव्या वर्षी मी पूर्ण पदवीचा अर्ज केलाच नसता. इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची तर घसा कोरडा पडायचा. आता पुढच्या वर्षी करणार आहे.

तालुक्याचा मास्तर
मी मराठवाड्यात एका तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो. आमच्याकडे असा एकही करार नाही, आणि असता तरी सव्वापाच लाख कोण आणणार? त्यामुळे जावं की न जावं हा वाद आमच्या मुलांपर्यंत येतच नाही. एकीकडे मिळवलेले क्रेडिट जमा करून दुसरीकडे वापरता यावेत म्हणून २०२१ पासून क्रेडिट बँकेचे नियम आहेत, पण वर आलंय तसं, मोठ्या शहरातलं कॉलेजसुद्धा आणलेले क्रेडिट पूर्ण धरत नाही.

पावसाळी, तुम्ही जे सांगितलंत त्याला विमान लागत नाही. टेबल, पुस्तक आणि नीट विचारलेला एक प्रश्न लागतो. परदेशी जाण्याच्या मी विरुद्ध आहे ते एवढ्यासाठीच, की आपण ही गोष्ट तिकडची मानून बसतो आणि इथे करायची राहते.

देशावरचा
सर, वेळ कुठून आणणार? गुण नाकारले तर पुन्हा घेणार?

तालुक्याचा मास्तर
माझ्या वर्गात ८४ मुलं आहेत. प्रत्येकी १५ मिनिटं म्हणजे २१ तास. रोज तीन तास बसलो तर सात दिवस. पुन्हा येणाऱ्यांसाठी आणखी दोन धरतो. दिवाळीनंतरची अंतर्गत परीक्षा तशीच घेणार, वर्गाचं दार उघडं ठेवून. पावसाळी, तो मजुरीचा आलेख मला पाठवाल का?