मदत हवी आहे: एबलटन लाइव्ह आणि सात मात्रांचा घोळ

नमस्कार मंडळी. घरी ट्रॅक बनवण्यासाठी मी दोन वर्षं एबलटन लाइव्ह (संगीत बनवायचं सॉफ्टवेअर) वापरतोय, पण सगळं अरेंजमेंट व्ह्यूमध्येच (गाणं डावीकडून उजवीकडे सलग मांडतात तो भाग). आता मित्राच्या ढोलकीसोबत स्टेजवर वाजवायचंय, म्हणून सेशन व्ह्यू (छोटे तुकडे, म्हणजे क्लिप, हवे तेव्हा सुरू करता येतात तो भाग) शिकायला घेतला आणि तिथेच गाडी अडली.

केरवा तालाला काही त्रास नाही. ८ मात्रा ४/४ मध्ये गुपचूप बसतात. सात मात्रांचा रूपक ताल आला की घोळ. लाँच क्वांटायझेशन (क्लिप नेमकी कोणत्या ठोक्याला सुरू व्हावी ते ठरवणारी सेटिंग) १ बारवर आहे, त्यामुळे ७ मात्रांची क्लिप पुढच्या ४/४ बारलाच सुरू होते आणि सम (तालाची पहिली मात्रा) भलतीकडेच जाते. सीनला (एकत्र सुरू होणाऱ्या क्लिपची ओळ) ७/४ देऊन पाहिलं. चालतं, पण केरव्यावर परतताना जुन्या क्लिप गोंधळ घालतात. क्लिपनिहाय क्वांटायझेशन द्यावं, की रूपकासाठी वेगळा सेटच ठेवावा?

दुसरं, मित्र रंगात आला की लय वाढवतो (सांगून उपयोग नाही, ढोलकीवाला आहे!). लाइव्ह ११ पासून आलेला टेम्पो फॉलोअर (आत येणाऱ्या आवाजाच्या लयीनुसार लाइव्हची लय बदलणारी सोय) कुणी ढोलकीवर वापरलाय का? माइक फक्त धुमाकडे (ढोलकीची खर्जाची बाजू) लावला तर पकड बरी येईल, असा माझा अंदाज.

बफर (लॅपटॉप एका वेळी किती आवाज हाताळतो ती सेटिंग) १२८ वर लॅपटॉप कडकड करतो, ५१२ वर उशीर जाणवतो. ट्रॅक फ्रीझ करून (लॅपटॉपवरचा भार कमी करायला लाइव्हमधली सोय) भागेल, की सिंथचे भाग सरळ ऑडिओत काढून ठेवू? साउंडकार्ड बाहेरचं आहे, असिओ ड्रायव्हरही (आवाजातला उशीर कमी करणारा) टाकलाय.

व्हिडिओंच्या लिंक नकोत, ढीगभर पाहिलेत. प्रत्यक्ष स्टेजवर वाजवणाऱ्यांनी सांगा.